उघाडीत कोण उभा होता?

माझ्या धाकट्या भावाच्या तेराव्याला त्याचा मोठा मुलगा चार शब्द बोलायला उठला. उठण्यापूर्वी त्याने उजव्या हाताने आपला डावा खांदा धरला, क्षणभर तसाच बसून राहिला, मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि उभा राहिला. ही त्याची जुनी सवय आहे. घरातले कोणी आता तिकडे पाहतही नाही. मी पाहतो.

तो म्हणाला, "आमचे बाबा शांत आणि भिडस्त. धाडस म्हणाल तर ते काकांच्या वाट्याला आलेलं. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायची उघाडी अडकली त्या दिवशी बाबा बांधावर खिळून उभे होते आणि काकांनी पाण्यात उडी घेऊन सगळं आगर वाचवलं. शेवटी ज्याच्या त्याच्या रक्तात असतं तेच बाहेर येतं. एकाला मिळालं, एकाला नाही मिळालं. त्यात बाबांचा काही दोष नव्हता."

सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे कौतुकाने वळली. ज्या जागी हे सभागृह उभे आहे तिथेच आमच्या मिठागराची शेवटची कोंडी, म्हणजे मीठ पिकवायचा वाफा, होती, आणि आम्हां दोघा भावांखेरीज त्या दिवसाचा दुसरा साक्षीदार उरला नव्हता. भाऊ गेल्यावर मी एकटाच उरलो. तेव्हा बसल्या जागेवरून मी म्हणालो, "खोटं आहे."

पुतण्या हसला. "काका, पुरे आता हा नम्रपणा."

नम्रतेचा आरोप माझ्यावर आयुष्यात तेव्हाच प्रथम झाला. त्याचे उत्तर देण्याआधीच मागल्या रांगेतून एक म्हातारी करवादली. ती उत्तनजवळच्या चौक गावची. तिच्या आईचे दूध मी प्यायलो, म्हणून ती माझी दूधबहीण. "रगताचं नाव काडू नको रे मास्तर," ती पुतण्याला म्हणाली. तो शाळेत विज्ञान शिकवतो. "ह्यो माझ्या आयच्या मांडीवर वाडला. जी हिंमत हाय ती आमच्या दुधाची हाय."

एक म्हणतो रक्त, दुसरी म्हणते दूध. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत आणि दोघेही चुकले आहेत. मी तिथे जे तुटक तुटक सांगितले ते येथे नीट लिहितो, कारण यात माझ्या भावाचे नाव गुंतलेले आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारा आता मी एकटाच आहे.

आमच्या गावी, मोरव्याला, आमची थोडी भातशेती होती आणि खाडीला लागून मिठागर होते. माझ्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली. अशा घरात पुढचे मूल झाले की त्याला सुपात घालून उंबऱ्यावर ठेवायचे आणि परक्या बाईला मूठभर कोंड्यावर विकायचे, अशी रीत होती. सटवाईला वाटावे की हे मूल या घरचे नव्हेच. बाईने मूल उचलून वेशीपर्यंत जायचे, तिथून परत फिरायचे, आणि आईने ते सूपभर भात देऊन सोडवून घ्यायचे. म्हणजे साराच लुटुपुटीचा व्यवहार.

मी जन्मलो त्या आठवड्यात चौकची एक कोळीण सुके बोंबील देऊन मीठ न्यायला आमच्या दारी आली होती. ख्रिस्ती घरची बाई. तिच्या कडेवर तिची तान्ही मुलगी होती, म्हणजे तीच, परवा करवादलेली. कोंडा कोणी आणला नव्हता. बाईने नुकतेच आमच्याकडून घेतलेले मीठ पाटीतून मूठभर काढून सुपात टाकले आणि मला उचलले. माझ्या आत्याने तेव्हा मारलेला टोमणा घरात पुढे वर्षानुवर्षे चालला: "मीठ आमचं, पोर आमचं, आणि सौदा मात्र बाईनं केला!"

वेशीपाशी बाई रीतीप्रमाणे मागे वळली. माझी आई दारात आली आणि म्हणाली, "ने त्याला. खरंच ने. मी परत घेतलं तर ती बघेल."

दोन मुले पुरलेल्या बाईशी वाद कोण घालणार? कोळणीने मला नेले. सणावाराला मला मोरव्याला आणून दाखवायची बोली झाली होती, पण आईने तेही नको म्हणून निरोप धाडला. अशा रीतीने खेळातली विक्री खरी झाली, आणि ज्या बापाचे नाक, रंग आणि उंची मी घेतली होती त्या बापाला मी शाळकरी वयाचा होईपर्यंत पाहिलेच नाही. हे ध्यानात ठेवावे. माझा सारा वाद यावर उभा आहे.

चौकच्या आईने मला कधी परका मानले नाही, पण आपलाही करून टाकला नाही. तिच्या मुलांबरोबर मला कडेवर घेऊन ती टेकडीवरच्या देवळात जायची आणि पाद्रीबाबांना बजावायची, "ह्याला बाप्तिस्म्याचं पानी लावू नका, फादर. ही ठेव हाय. जशी घेतली तशी परत कराची हाय."

आणि ठेवीत तिला काहीतरी वेगळे दिसत होते. ते घर आरडाओरड्याचे. तिथे आनंद झाला तरी ओरडायचे, भीती वाटली तर अधिकच ओरडायचे. मी मात्र घाबरलो की गार पडायचो. डोळे एका जागी लागत, तोंड मिटे आणि उजवा हात जाऊन डावा खांदा धरून बसे. मी मोठा झाल्यावर ती सांगायची, "पाल्न्यात व्हतास तवापासून. कुत्रा भुकला का माजी सगली पोरं भोकाड पसरायची. तू? खांदा धरून गप. मना वाटायचं, ह्याचा जीव गेला का काय!"

त्या घरात, त्या आळीत, असा खांदा धरणारा कोणी नव्हता. मी कोणाचे पाहून ते उचलणार होतो?

तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. त्याच्या होडीवर एक वेगळीच शिस्त होती, आणि तिच्यावर माझे पुढचे आयुष्य उभे राहिले. होडी किनाऱ्यावर ओढताना किंवा वाऱ्यात जाळे घेताना तो माणसाचे नाव कधी घेत नसे. तो अवयवाला हाक मारी. "चल रं खांदा! चल रं गुडघा! चल रं हाता!" गडी दमला, बिचकला, तरी त्याला कोणी शिवी देत नसे, कारण हाक त्याला नसतेच, हाताला असते. एकदा होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, मी पाण्यात पडलो. त्यांनी मला वर घेतले तेव्हा मी खांदा धरून दगडासारखा बसलो होतो. दुसऱ्या एखाद्या बापाने कानाखाली ओढली असती किंवा पोटाशी धरले असते. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, "चल रं हाता, दोर धर." आणि हात सुटला. दोर धरला. मी अजून घाबरलेलाच होतो, पण हात कामाला लागला होता.

"भ्याव डोक्यान र्‍हाते," तो मला म्हणाला. "हाताला त्यातलं कायपन म्हायत न्हाय. डोक्याशी भांडू नको. हाताशी बोल."

मग मला ती सवयच जडली. गार पडलो की मी स्वतःच्या हाताला हाक द्यायचो. थंडपणा जात नसे. तो माझ्यात होता तसाच राहिला. पण त्याला एक दार मिळाले.

मोरव्याला माझ्यामागून झालेला भाऊ जगला. तो चांगला धावू लागल्यावर आईला वाटले की सटवाई आता आपले घर विसरली, आणि बाप मला न्यायला चौकला आला. चौकच्या आईने मला सुपात बसवता येत नाही म्हणून सुपात फक्त माझे कपडे ठेवले, त्यांवर मूठभर मीठ टाकले आणि सूप बापाच्या हाती दिले. "मोजून घ्या," ती म्हणाली. मग आत गेली ती बाहेर आली नाही.

मोरव्याचे घर अबोल होते. बाप कामापुरते बोले. आई एकच वाक्य दिवसभर बोले, आणि तेही धाकट्याशी: "हलू नकोस." विहिरीजवळ गेला, हलू नकोस. बैल आला, हलू नकोस. वीज कडाडली, हलू नकोस. दोन मुले गमावलेल्या बाईने धाकट्याला जगवण्याचा मंत्र म्हणून ते वाक्य धरले होते, आणि ते पोर तो मंत्र पाळत मोठे झाले.

मी आलो त्या पहिल्या दिवसांत एका सकाळी बाप, भाऊ आणि मी बांधावरून चाललो होतो. मध्ये नाग आला. बाप थांबला. भाऊ थांबला. बापाचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. भावाचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. मी मागून ते पाहिले आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला, कारण माझाही हात तिथेच होता. मागून कोणी पाहिले असते तर त्याला वाटले असते की एकाच माणसाच्या तीन वयांतल्या सावल्या पडल्या आहेत.

मी नागाला तेव्हाच विसरलो. मला तोवर देवळात, समुद्रावर, कुठेही, तसे नवल वाटले नव्हते. त्या अनोळखी, आडमुठ्या, माझ्याशी धड न बोलणाऱ्या माणसाने मला न भेटता, न शिकवता, माझ्या हातात स्वतःचा हात घालून ठेवला होता. कुठे ठेवला होता? कशात गुंडाळून पाठवला होता? पुतण्या म्हणतो, जनुके. म्हणेना का. ठेवीला नाव दिल्याने ठेवणाऱ्याचे नवल कमी होत नाही.

येथे शहाणे लोक म्हणतील की मुले मोठ्यांचे पाहून करतात. भावाने बापाचे पाहून केले असेल, हे मी मान्य करतो. माझे कुठून आले ते सांगा. सांगता येत नसेल तर गप्प बसा.

नाग निघून गेला. मी सवयीने पुटपुटलो, "चल रं हाता." भावाने वळून पाहिले. "कोणाशी बोलतोस?"

"हाताशी."

"त्याला कान आहेत?"

"तुझ्या हाताला नाहीत?"

त्याने आपला हात उलटासुलटा करून पाहिला आणि तो पहिल्यांदा हसला. त्यानंतर तो मला चिडवायला तेच म्हणायचा. मी आंब्यावर चढताना अडकलो की खालून ओरडायचा, "चल रं हाता! कान झडले का तुझे?" स्वतःला मात्र तो तसे कधी म्हणाला नाही. त्याला आईचे वाक्य पुरे होते.

आता उघाडीविषयी. खाडीच्या बांधाला एक तोंड असते. त्यात लाकडी चौकट, आणि चौकटीच्या खाचेतून खालीवर सरकणारी फळी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती फळी वर घेऊन समुद्राचे पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचे आणि भरती पुरी चढण्याआधी फळी पाडायची. पाडली नाही तर तळे भरून पाणी आतल्या कोंड्यांत शिरते आणि ज्या पाण्यातून मीठ झाले त्याच पाण्यात ते परत जाते. उघाडी ज्याच्या हाती दिली तो आगरावरचा मोठा माणूस. बापाने ती धाकट्याला दिली होती, कारण मी निम्मा वेळ अजून चौकला होडीवर असायचो. आम्ही तेव्हा दोघेही मिसरूड फुटलेले गडी होतो. दुसरे महायुद्ध चालू होते. लोक विमानांविषयी बोलत. माझ्या भावाला त्या उघाडीपलीकडे जग नव्हते. आयुष्यात कोणीतरी त्याला "हलू नकोस" न म्हणता "हे तुझे" म्हणाले होते.

उन्हाळा ऐन भरात होता, बांधावर मिठाच्या राशी उभ्या होत्या. जुनी फळी कुजली म्हणून बापाने नवी बसवली. नवे लाकूड आधी पाण्यात बुडवून मुरवायचे आणि मग तासून बसवायचे, हे आगरावर जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. बापाला हे ठाऊक होते. पण अमावास्या तोंडावर आली होती आणि तो घाईत होता. त्याने फळी कोरडी, घट्ट बसवली.

उधाण भरदुपारी येते. मी पलीकडच्या कोंडीवर मीठ ओढत होतो. मध्येच माझ्या ध्यानात आले की पाणी नको तिथे चकाकते आहे. मी धावलो.

फळी पाणी पिऊन फुगली होती आणि वर घेतलेली ती तशीच खाचेत रुतून बसली होती. खालून खाडी आत येत होती. तोंडाच्या पलीकडल्या काठावर बाप उभा होता, अलीकडल्या काठावर भाऊ. दोघांमध्ये पाणी. दोघांचे उजवे हात डाव्या खांद्यांवर. दोघांचे डोळे त्याच एका जागी लागलेले. मधल्या पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबांत तर कोण बाप नि कोण मुलगा हेही कळत नव्हते. आणि मी, धावत आलेला, होडीवर वाढलेला, ज्याच्या शौर्याच्या गोष्टी आज सांगतात तो मी, तिसरा जाऊन उभा राहिलो. माझाही हात खांद्यावर.

पुतण्याच्या गोष्टीत हे नाही. त्याच्या गोष्टीत एक शूर आहे आणि एक भित्रा आहे. बांधावर मात्र तिघे सारखेच गार पडले होते. रक्तापुरते बोलायचे तर रक्ताने तिघांत काही भेदभाव केला नव्हता.

मग माझ्या तोंडाने आपले काम केले. "चल रं हाता!" हात सुटला. मी राखणीच्या खोपटाचे दार उचकटले, ते घेऊन उघाडीच्या तोंडात उडी घेतली आणि आतल्या बाजूने ते चौकटीवर आडवे दाबले. समुद्राच्या अंगाने जाण्याची सोय नव्हती, तिकडे पाणी खोल आणि ओढ माणूस गिळणारी. इथपर्यंत गोष्ट खरी आहे. ती उडी माझीच. पण उडी मारणे वेगळे आणि उभे राहणे वेगळे. मला होडीवर शिकवले होते ते हालचालीचे: पाणी रेटेल तिकडे अंग सोडावे, लाटेशी झुंजू नये. मी तसेच करत गेलो, आणि दर वेळी मी अंग सोडले की दार तिरके होऊन पाणी माझ्या डोक्यावरून जाई. शेवटी पाण्याने मला दारासकट फेकून दिले.

चिखलातून डोके वर काढून मी ओरडलो. भावाच्या नावाने नव्हे. त्याच्या खांद्यावर चिकटलेल्या हाताकडे पाहून ओरडलो, "चल रं हाता!"

वर्षानुवर्षे चेष्टेत घेतलेली ती हाक त्याच्या हाताने कुठेतरी जपून ठेवली असली पाहिजे. हात खाली आला. मग जे झाले त्यात काही उडी नव्हती, काही आवेश नव्हता. तो पायऱ्या उतरावा तसा पाण्यात उतरला, वाहत निघालेले दार पकडले, चौकटीवर उभे केले, त्याला पाठ लावली, टाचा चिखलात रोवल्या आणि थांबला.

मी बांधावर चढून तांडेलासारखा ओरडू लागलो. मजुरांना, बायकांना, सगळ्यांना. "चल रं पाठ! चल रं गुडघा! पोती आणा! चिखल टाका!" पलीकडे बाप अजून तसाच उभा होता. बापाला मुलाने हुकूम करायचा ही आमच्याकडे कल्पनाही नव्हती. मी त्यालाही सोडले नाही. "बाबा! हात!" तो दचकला, आणि मग आम्हां सगळ्यांहून वेगाने चिखल उपसू लागला.

पाणी भावाच्या छातीला लागले होते. दार थरथरत होते. त्याच्या चेहऱ्यावर तोच गारठा होता, नागापुढचा, फळीपुढचा, ज्याला लोक मंदपणा म्हणत. फरक एवढाच की आता तो योग्य जागी उभा होता. मी वाकून म्हणालो, "सोड, मी येतो."

त्याने मानही वळवली नाही. "आई काय सांगते? हलू नकोस. आता नाही हलत."

हे वाक्य मी म्हातारपणी रचलेले नाही. हे ऐकताना माझ्या हातातले पोते गळून पडले होते. ज्या गारठ्याने त्याला बांधावर खिळवले त्याच गारठ्याने त्याला पाण्यात उभे ठेवले. ज्या वाक्याने त्याचे बालपण जखडले त्याच वाक्याच्या आधाराने तो खाडी अडवून राहिला होता. बापाचे रक्त, आईची भीती आणि चौकच्या तांडेलाची हाक अशा तीन गोष्टी त्या एका पाठीत येऊन भिडल्या होत्या, आणि कोणती कुठे संपते हे त्या पाठीलाही सांगता आले नसते. मग रक्त की दूध असा निवाडा करणारे तुम्ही कोण?

पाणी ओसरू लागले तोवर तो तिथून हलला नाही. पहिल्या कोंडीचे मीठ गेले. राशी वाचल्या. त्याला बाहेर काढले तेव्हा त्याचे गुडघे वळत नव्हते. आम्ही त्याला मिठाच्या पाटीसारखे उचलून आणले.

आणि तरीही संध्याकाळी अंगणात गावकरी जमले ते माझे कौतुक करायला. ते रस्त्यावर होते. बांधाआड छातीभर पाण्यात कोण उभे आहे हे तिथून दिसत नव्हते. माझा आवाज मात्र पार वेशीपर्यंत गेला होता. ओरडतो त्याचे नाव होते, हा जगाचा जुना न्याय.

एक वडीलधारा बापाला म्हणाला, "उघाडी थोरल्याला दे आता. धाकटा खिळला होता. आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

भाऊ ओसरीच्या कोपऱ्यात पंचा गुंडाळून बसला होता. त्याच्या हातून उघाडी काढणे म्हणजे काय, हे अंगणातल्या प्रत्येकाला कळत होते. ज्याने समुद्र घरात घेतला तो हाच, असे मरेपर्यंत त्याला ऐकावे लागले असते. त्याने खाली पाहिले. 

"तुम्ही माझं तोंड ऐकलंत," मी म्हणालो. "त्याची पाठ पाहिलीत?" आणि मी त्याला खांद्याला धरून फिरवला, पंचा खाली ओढला. पाठभर दाराच्या फळ्यांचे वळ उठले होते, आडव्या दांड्यासकट. त्या पाठीवरून सुताराने नवे दार करून दिले असते.

 मग तोच वडीलधारा म्हणाला, "बरं. उभा राहिला असेल. पण फळी अडकली ती कोणाच्या हातून?"

याचे उत्तर फक्त बापाकडे होते. मलाही तेव्हा फळीचे ठाऊक नव्हते. बापाकडे मी पाहिले. त्याचा हात खांद्यावर होता. तो बोलणार नव्हता. आयुष्यभर त्याला कोणी हाक दिली नव्हती. दुपारी मी दिली ती चिखलासाठी. आता काय म्हणावे हे मला सुचेना.

तेव्हा कोपऱ्यातून माझा भाऊ, मान वर न करता, अगदी हळू म्हणाला, "चल रं हाता."

चेष्टेखेरीज ती हाक त्याने उच्चारलेली मी तेव्हाच प्रथम ऐकली. बापाचा हात खांद्यावरून खाली आला. "फळी मी बसवली," बाप म्हणाला. "कोरडी बसवली. त्याचा काही दोष नाही. उघाडी धाकट्याकडेच राहील." आणि उठून आत गेला. मिठागरे बुजली तोपर्यंत ती माझ्या भावाकडेच होती.

एवढे सगळे मी तेराव्याला सांगितले.  मग मी पुतण्याला विचारले, "तू मघाशी उठताना काय पुटपुटलास?"

"कधी? ते होय?" तो ओशाळून हसला. "काही नाही हो. 'चल रं हाता.' बाबा म्हणायचे. आपल्या घराण्यातच आहे ते."

माझी दूधबहीण इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. "घराण्यातच हाय!" ती म्हणाली. "मास्तर, माजा बा कवा तुज्या घरान्यात आला रे?"

पुतण्या हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता. ज्या हाताला खांदा धरण्याची खोड मोरव्याने दिली आणि सुटण्याची हाक चौकने दिली तो हात दोन्ही गोष्टी नकळत करतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटताना मी पाहिले, आणि एवढे वय झाले तरी नागाच्या सकाळी आला तोच काटा माझ्या अंगावर पुन्हा आला.

"म्हणजे उघाडीत उभं कोण होतं, काका?"

"तुझा बाप."

त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. तो गार पडला. लोक चुळबुळू लागले, कोणीतरी पाणी आणायला उठले. मी त्यांना थांबवले आणि स्वतःही तोंड मिटून बसलो, जे मला सहसा जमत नाही. थोड्या वेळाने त्याने आपल्या हाताला आपणच हाक दिली, उठून उभा राहिला, आणि वडिलांविषयीचे आपले बोलणे पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केले.